भुकेल्या शेवाळाचं तेल

१९९८ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं तीनशेहून अधिक पानांचा एक अहवाल छापला. ज्या कामाचा तो अहवाल, ते काम दोन वर्षं आधीच बंद पडलं होतं. शेवाळापासून डिझेल करता येईल का, हे पाहण्यासाठी १९७८ मध्ये एक सरकारी कार्यक्रम सुरू झाला होता. १९९६ मध्ये त्याचा पैसा आटला. तोवर अडीच कोटी डॉलर खर्च झाले होते. मग जॉन शीहन, टेरी डुनाहे, जॉन बेनेमान आणि पॉल रोसलर या चौघांनी सगळं लिहून काढलं: काय केलं, काय जमलं, काय फसलं आणि कशामुळे फसलं. पुढं कुणी हे काम पुन्हा हाती घेतलं तर त्याला पहिल्या पायरीपासून चढावं लागू नये, हा त्यांचा हेतू होता.

शेवाळाच्या इंधनाबद्दल त्यानंतर पुष्कळ लिहिलं गेलं. कंपन्यांची पत्रकं आली, एका हेक्टरात किती पिंपं निघतील याचे डोळे दिपवणारे आकडे आले. तरीही या विषयाची खरी गोडी लागायची असेल तर हाच अहवाल वाचावा, असं मी आवर्जून सांगेन. आणि कोल्हापुरात राहणाऱ्यानं तर वाचावाच. दाराशी हिरवा पडणारा रंकाळा तलाव आहे, नाल्यांचं पाणी पोटात घेणारी पंचगंगा नदी आहे, आणि जिल्हाभर इथेनॉल गाळणारे साखर कारखाने आहेत. अहवालातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न इथं प्रत्यक्ष उभा आहे.

सुरुवातीचा भाग गोळा करण्याचा आहे आणि तो मोठा रम्य आहे. संशोधक अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उथळ, खारट डबक्यांपासून हवाईपर्यंत फिरले. जिथं पाणी तापतं, आटतं, खारट होतं आणि तरीही हिरवं राहतं, अशा जागा त्यांनी मुद्दाम निवडल्या. तीन हजारांवर वाण जमले. मग चाळण लागली: कोण भराभर वाढतो, कोण ऊन सोसतो, कोण तेल धरतो. शेवटी सुमारे तीनशे उरले, आणि त्यांत हिरव्या शेवाळाइतकाच मान डायटमांना मिळाला. डायटम म्हणजे सिलिकेची दोन झाकणं एकमेकांत बसवून आत राहणारं एकपेशीय शेवाळ. बहुतेक हिरवी झाडं शिल्लक अन्न पिठाच्या रूपात साठवतात. डायटम ते मोठ्या प्रमाणात तेलाच्या थेंबांतही साठवतो.

ही पानं वाचताना मला कायम आपल्याकडची तीन कामं आठवतात. हेमेंद्रकुमार गांधी यांनी १९५८ मध्ये कोल्हापूर आणि परिसरातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमांवर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी त्यांचा पन्हाळगडावरच्या डायटमांचा अभ्यास ‘हायड्रोबायॉलॉजिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. आणि १९६३ मध्ये त्याच नियतकालिकात एन. डी. कामत यांचा कोल्हापूरच्या शेवाळांवरचा जवळजवळ शंभर पानांचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. शिवाजी विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ज्या पन्हाळ्यावर आपण तीन दरवाजा आणि अंबरखाना पाहायला जातो, तिथल्या पाण्यात गांधींनी सूक्ष्मदर्शकाखाली एक वेगळीच वस्ती पाहिली आणि तिची शिरगणती केली. इंधनाचा विचार त्या वेळी कुणाच्या डोक्यात नव्हता. पण अमेरिकेनं वीस वर्षांनी ज्या कामापासून सुरुवात केली, त्यातलं पहिलं काम, म्हणजे आपल्या पाण्यात कोण राहतं हे नावानिशी लिहून ठेवणं, कोल्हापुरात आधीच झालेलं होतं. याचा मला मनापासून अभिमान वाटतो. त्या याद्या आज कुणी उघडत नाही याचं तितकंच वाईटही वाटतं.

अहवालाचा गाभा मात्र पुढं आहे.

कोणत्या पेशीत तेल आहे हे पाहण्यासाठी नाइल रेड नावाचा रंग वापरतात. तो पाण्यात मिसळायचा, थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि ठरावीक प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. पेशीतलं हरितद्रव्य लालभडक दिसतं आणि त्यात तेलाचे थेंब सोनेरी पिवळे चमकतात. चांगल्या, धष्टपुष्ट, झपाट्यानं वाढणाऱ्या शेवाळात हे सोनं फार थोडं दिसतं. त्याच शेवाळाचा नायट्रोजन तोडा, म्हणजे त्याला उपाशी ठेवा, की काही दिवसांत पेशी पिवळ्या थेंबांनी भरून जाते. डायटमाच्या बाबतीत सिलिका तोडली तरी तेच होतं. कारण सरळ आहे. ऊन पडतंच आहे, कार्बन मिळतोच आहे, पण नवी प्रथिनं बांधायला नायट्रोजन नाही, मग पेशीला दुभंगता येत नाही. ज्या कार्बनाचं शरीर झालं असतं तो तेल होऊन पडून राहतो. भर दुष्काळात पेशी पुढच्या पावसाची बेगमी करते.

पहिल्यांदा हे वाचणाऱ्याला वाटतं, किल्ली सापडली. लेखक मात्र लगेच दुसरा आकडा समोर ठेवतात: उपाशी पेशीत तेलाचं प्रमाण वाढतं खरं, पण ती वाढायची थांबते. दोन्हींचा गुणाकार केला की दिवसाला तळ्यातून मिळणारं एकूण तेल पूर्वीइतकंच राहतं, किंवा कमी होतं. सगळा अहवाल या एका पेचाभोवती फिरतो आणि म्हणूनच तो वाचकाला धरून ठेवतो. वाढ हवी तर तेल नाही, तेल हवं तर वाढ नाही. रोसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पेच थेट मुळाशी जाऊन सोडवायचा प्रयत्न केला. स्निग्धाम्लं बनण्याच्या वाटेवर एक विकर आहे, त्याच्यामुळेच तेलाचा वेग अडतो असा अंदाज होता. सायक्लोटेला क्रिप्टिका नावाच्या डायटमातून त्याचं जनुक त्यांनी वेगळं काढलं आणि त्याच्या जादा प्रती पुन्हा डायटमात घातल्या. डायटमात असं जनुक घालून दाखवणं तोवर कुणाला जमलं नव्हतं. विकर वाढलं. तेल वाढलं नाही.

इतक्या वर्षांच्या मेहनतीचा हा निकाल लेखक कसलीही सारवासारव न करता लिहितात. लेखकांपैकीच काहींचं ते स्वतःचं काम, तरीही ‘अंशतः यश’ वगैरे मलम लावलेलं नाही. शास्त्रीय लेखनातला सच्चेपणा मला इतका स्पष्ट क्वचितच दिसला आहे.

मग रोझवेल. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात हजार चौरस मीटरची तळी बांधली. रेसच्या मैदानासारखी लांबट, उथळ, मध्ये भिंत आणि पाणी फिरवत ठेवणारं चाक. पाण्यात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक शेवाळानं घेतला, हे मोठं यश होतं. एखाद्या दिवशी चौरस मीटरला ५० ग्रॅमपर्यंत उत्पादन गेलं. पण वाळवंटातल्या थंड रात्रींनी वर्षाची सरासरी पार खाली ओढली. त्याहून बोलकी घटना वेगळीच आहे. प्रयोगशाळेत निवडून, जोपासून सोडलेला वाण तळ्यात टिकेना. वाऱ्याबरोबर, धुळीबरोबर आलेलं तिथलंच रानटी शेवाळ त्याला हुसकावून तळं काबीज करी. शेवटी लेखकांनी सल्ला दिला तो असा की, जे आपणहून येतं आणि टिकतं, त्याच्याच पाठीशी उभं राहावं.

हे वाक्य रंकाळ्याच्या काठावर वाचलं की अंगावर येतं. कारण रंकाळ्यात आपणहून काय येतं हे आपण गेल्या दशकात चांगलंच पाहिलं. नाल्यांचं सांडपाणी तळ्यात मिसळत राहिलं आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरव्या रंगाचा जाड थर चढला. वासानं चौपाटीवर थांबवेना. तो थर मुख्यत्वे मायक्रोसिस्टिस या नीलहरित शेवाळाचा. असं पाणी काचेच्या बाटलीत भरून न हलवता ठेवलं, तर काही तासांत हिरवे कण वर येऊन तरंगतात आणि खालचं पाणी बरंच निवळतं. त्याच्या पेशींत हवेच्या बारीक नळ्या असतात आणि अनेक पेशी एका बुळबुळीत गोळ्यात एकत्र राहतात, म्हणून ते वर येतं, ऊन अडवतं आणि खालच्या सगळ्यांना अंधारात ठेवतं. रात्री त्याच थराच्या श्वसनानं पाण्यातला प्राणवायू उतरतो आणि मासे मरतात.

‘मग हेच काढून तेल करा की,’ असं रंकाळ्यावर फिरायला येणारे अनेक जण म्हणतात, आणि ते कळकळीनं म्हणतात. पण या शेवाळात काढण्याजोगं तेल नाही. ते आपली शिल्लक ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं. शिवाय त्याचे अनेक वाण यकृताला घातक असं विष तयार करतात. डायटमांचं तेल आणि मायक्रोसिस्टिसचा जोम एकाच पेशीत मिळत नाही. निसर्गानं दोन्ही वेगवेगळ्या घरांत ठेवलं आहे.

तरी आशा कशाची आहे, हे आकड्यांत पाहायला हवं. हा हिशेब अहवालातला नाही, माझा आहे. चौरस मीटरला दिवसाला २० ग्रॅम कोरडं शेवाळ वर्षभर मिळालं, तर हेक्टरला वर्षाला ७३ टन होतात. त्यात एक चतुर्थांश तेल धरलं तर १८ टन तेल. सोयाबीन हेक्टरी दोन टन पिकलं आणि त्यात १८ टक्के तेल असलं, तर ३६० किलो. म्हणजे पन्नासपट फरक. एकरी ४० टन ऊस काढणाऱ्या शेतकऱ्याच्या एका हेक्टरातून, सगळा रस इथेनॉलला दिला, तरी सात हजार लिटरांच्या आसपास इथेनॉल मिळेल, आणि लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. शिवाय शेवाळाला सुपीक जमीन लागत नाही, खारं किंवा घाण पाणीही चालतं. या आकड्यांनी माणसं वेडी झाली ती उगीच नाही.

आता त्याच हेक्टराची दुसरी बाजू. तळ्यात लिटरला जेमतेम अर्धा ग्रॅम शेवाळ असतं. एक किलो हाती यायचं तर दोन हजार लिटर पाणी गाळावं लागतं. हेक्टरला रोज चार लाख लिटर. पेशी इतक्या बारीक की फडक्यातून निसटतात. त्यांना आधी एकमेकींना चिकटवावं लागतं. कोल्हापूरच्या गुळव्याला हे काम वेगळं शिकवायला नको. काहिलीत रस तापला की तो रानभेंडीचा चिकट रस टाकतो, बारीक गाळ गोळा होऊन मळी वर येते आणि तो ती झाऱ्यानं काढून घेतो. शेवाळाच्या तळ्यातही तुरटी किंवा असंच काही टाकून तेच करतात, फक्त काहिली एक हेक्टराची असते आणि मळी हाच माल असतो.

गोळा करून, पिळून हाती येतो तो लगदा, त्यात चार पंचमांश पाणी. एक किलो कोरड्या शेवाळामागे चार किलो पाणी उडवायचं तर सुमारे १० मेगाज्यूल उष्णता लागते, तीही उष्णतेचा एक कणही वाया न जाता. आणि त्या किलोभर कोरड्या शेवाळात एकूण ऊर्जा असते २० मेगाज्यूलच्या आसपास. निम्मी कमाई वाळवण्यातच गेली. उन्हात वाळवता येईल, पण ओला लगदा लवकर नासतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात वाळवण घालणार कुठं? आणखी एक खर्च शेतकऱ्याला पटकन कळेल. शेवाळात सुमारे सात टक्के नायट्रोजन असतो. ७३ टनांना पाच टनांहून जास्त लागला. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यांत मोजलं तर हेक्टरी जवळजवळ अडीचशे पोती. युरिया बनवायला नैसर्गिक वायू जाळायचा आणि त्यातून हिरवं इंधन काढायचं, हा व्यवहार कुठल्याच खतावणीत बसत नाही.

अहवालाच्या लेखकांनीही खर्च मांडला. उत्पादनाबद्दल भरपूर आशावादी गृहीतकं धरूनसुद्धा शेवाळाचं डिझेल त्या काळच्या डिझेलच्या दुप्पट महाग पडत होतं. अहवाल आला त्या वर्षी कच्चं तेल पिंपाला १५ डॉलरच्याही खाली होतं. पुढं तेल कितीतरी महागलं, नवे लोक आले, नवं जनुकशास्त्र आलं. एक्झॉनमोबिलनं २००९ मध्ये गाजावाजा करून या क्षेत्रात उडी घेतली आणि २०२२ च्या अखेरीस हात आवरता घेतला. मधल्या काळात ज्या ज्या दगडाला ठेच लागली, तो १९९८ च्या पानांत खुणेसह दाखवलेला होता. हे मी कुणाला हिणवायला लिहीत नाही. चांगला अहवाल किती लांबवर उजेड टाकतो, ते सांगायला लिहितो आहे.

पैसा का आटला, याचं उत्तर कोल्हापूरकराला चटका लावणारं आहे. ऊर्जा खात्याचं अंदाजपत्रक आखडलं तेव्हा शेवाळ सोडून इथेनॉलवर भर द्यायचं ठरलं. आपल्याकडेही तेच घडलं, निराळ्या वाटेनं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं आणि गाठलं. त्यात ऊसपट्ट्याचा वाटा मोठा. ऊस जिंकला याचं कारण त्याच्या गोडीइतकंच त्याच्या कांड्यात आहे. तो सूर्याची कमाई स्वतःच एका जागी, हातात धरता येईल अशी उभी करतो. ऊसतोड टोळीनं कोयता घातला की मोळी तयार. शेवाळ आपली कमाई लाखो लिटर पाण्यात विखरून ठेवतं.

पण शेवाळाची एक मागणी कारखान्याच्या कुंपणाआतच पूर्ण होऊ शकते. आंबवण्याच्या टाक्यांतून लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो धुरांड्यातल्या वायूपेक्षा कितीतरी शुद्ध असतो. दिवसाला ६० हजार लिटर गाळणारी डिस्टिलरी रोज ४५ टन वायू देईल. किलोभर शेवाळाला पावणेदोन-दोन किलो लागतो, म्हणजे २५ टनांच्या आसपास शेवाळाची सोय झाली. डिस्टिलरीतून उरणारं सांडपाणी, म्हणजे स्पेंट वॉश, शेवाळाला खत म्हणून देणं मात्र एवढं सोपं नाही. लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर निघणारं ते पाणी इतकं काळपट तपकिरी असतं की त्यात ऊनच शिरत नाही. पातळ केल्याशिवाय शेवाळ जगत नाही.

खताची सोय शहराकडे आहे. कसबा बावड्याच्या सांडपाणी केंद्राची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर. लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रोजन धरला, तर तीन टन नायट्रोजन रोज वाहून येतो. तो सगळा शेवाळाला दिला तर रोज ४३ टन शेवाळ होईल आणि तळी लागतील २०० हेक्टरांच्या वर, म्हणजे जवळपास दोन रंकाळे. आणि इथं अहवालातला पेच पुन्हा समोर येतो. सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ पोटभर जेवलेलं असतं, मग ते तेल कशाला धरेल? दहा टक्के धरलं तरी दिवसाला चार टन. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी सांडपाण्यावर शेवाळ वाढवायचं आणि त्यापासून मिथेन घ्यायचा असा विचार १९६० मध्येच मांडला होता, आणि मला तो जास्त पटतो. ओला लगदा वाळवायची गरजच नाही. गोबर गॅसच्या टाकीत जसा शेणकाला जातो तसा तो थेट जातो आणि राहिलेला काला शेतात खत म्हणून चालतो. तीनशे अंशांवर प्रचंड दाबाखाली ओल्या लगद्याचंच तेल करण्याची पद्धतही आहे, पण ती अजून महागडी आहे.

या अहवालात मला दोन उणिवा जाणवतात. त्याचा नायक शेवटपर्यंत तेल राहतो. सांडपाणी कडेला उभं असतं. आणि वाळवंटातल्या तळ्यांवर लिहिलेल्या त्या पानांत पावसाळा नाही. आपल्याकडे चार महिने ढग, तळी पावसानं पातळ होणार, आणि पंचगंगेच्या काठची सपाट जमीन तर २०१९ आणि २०२१ मध्ये पाण्याखाली होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तळी बांधायची तर पुराच्या रेषेच्या वर, जिथं जमिनीचा भाव आणि पाणी चढवण्याचा खर्च दोन्ही वाढतात.

म्हणून कोल्हापुरात शेवाळाकडे आधी नाल्याचं पाणी स्वच्छ करणारा कामगार म्हणून पाहावं आणि इंधन ही त्याची जोडकमाई समजावी, असं माझं मत आहे. पंचगंगेत जाणारा नायट्रोजन वाटेत अडला तर तेवढ्यावरच तळ्याचा निम्मा खर्च वसूल झाला असं मी मानेन. पहिलं पाऊल लहान असू शकतं: सांडपाणी केंद्राशेजारी दोन गुंठ्यांचं तळं, वर्षाचे बारा महिने, श्रावणासकट. त्यात कोण आपणहून येतं आणि कोण टिकतं ते कामतांच्या आणि गांधींच्या याद्यांशी ताडून पाहायचं, दर आठवड्याला नाइल रेड टाकून तेल तपासायचं, आणि फसेल ते रोसलर यांच्यासारखं फसलं म्हणूनच लिहायचं.